माहेरी गेली

आमच्या नोंदवहीत प्रत्येक गरोदर बाईची एक ओळ असायची. डावीकडून सुरुवात: क्रमांक, वय, शेवटच्या पाळीची तारीख, कितवं बाळंतपण, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. मग बाळंतपण कुठं झालं, कुणी केलं, बाळ रडलं का, वजन किती भरलं. शेवटी बेचाळिसाव्या दिवशी आई कशी आहे, बाळ कसं आहे. ओळ महिन्यामहिन्यानं उजवीकडे सरकत जाते. काही ओळी मात्र मध्येच थांबायच्या. पुढच्या सगळ्या रकान्यांवर एक आडवी रेघ आणि रेघेवर दोन शब्द: माहेरी गेली.

नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये अशा नोंदी घेण्यात माझी अकरा वर्षं गेली. एएनएमचा कोर्स मी आधीच केला होता, २०१३ साली एका संशोधन प्रकल्पात लागले. हुद्दा ‘क्षेत्र पर्यवेक्षक’, पण गावात सगळे ‘नोंदवाल्या मॅडम’ म्हणायचे. सासर नागपूरकडचं. माहेर साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. पहिल्या खेपेला मीसुद्धा सातव्या महिन्यात एस.टी.नं मेहकरला उतरून, तिथून दुसरी गाडी धरून माहेरी आले होते. म्हणजे त्या दोन शब्दांत काय काय असतं हे मला माहीत होतं. तरी ते मीच लिहिले.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. विशीतली मुलगी, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात रक्तदाब १३६/८८, पायांवर थोडी सूज. मी कार्डावर लिहिलं, आशाताईंना सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती घरी नव्हती. सासू म्हणाली, “भाऊ आला होता, घेऊन गेला जी. दिवाळी बी आहेच.” मोबाईल नवऱ्याकडे, तिच्याकडे नाही. मी रेघ मारली, दोन शब्द लिहिले आणि दिवाळीची सुटी टाकून साखरखेर्ड्याला आले.

तीन महिन्यांनी ती सासरी परतली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. पंपावर पाणी भरताना भेटली. मी विचारायच्या आधीच सासूनं उत्तर दिलं, “पोटातच गेलं होतं.” मी तसं लिहिलं. दोन दिवसांनी ती एकटी सापडली तेव्हा प्रशिक्षणात शिकवलेला प्रश्न विचारला: बाळ रडलं होतं का? हललं होतं का? श्वास घेतला होता का, एकदा तरी? ती खूप वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कण्हत होतं. रात्रभर.” तिला घरीच कळा आल्या होत्या, त्याआधी एक झटका येऊन गेला होता, बाळ लहानखुरं होतं. तिचं माहेर कुठलं ते मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. साखरखेर्ड्यापासून दोन कोसांवरचं गाव. ज्या आठवड्यात ते झालं त्या आठवड्यात मी तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बसून करंज्या तळत होते.

त्या दिवशी मी गेले असते तर सगळं टळलं असतं, असं म्हणायचं धाडस मी करत नाही. पण रक्तदाब चढत चाललाय हे माहीत असलेली, तो मोजायचं यंत्र पिशवीत असलेली एक बाई दोन कोसांवर होती, आणि तिनं वहीत ओळ बंद केली होती.

ही चूक माझी एकटीची होती, तरी ती दिसते त्याहून खोल आहे. नोंदींच्या कामात काही ओळी अपुऱ्या राहणारच, असं धरलेलं असतं. शंभरातल्या पाच निसटल्या तर उरलेल्या पंच्याण्णवांवरून अंदाज बांधता येतो, असं वाटतं. पण त्या पाच कोण असतात? आपल्याकडे माहेरी जाते ती पहिलटकरीण. पहिल्या खेपेलाच रक्तदाब चढण्याची, अडण्याची भीती जास्त. किंवा जिला सासरी बरं वाटत नाही ती जाते. किंवा जिचं मागचं बाळ दगावलं आणि सासू म्हणते, या वेळी तुझ्या आईकडे कर. म्हणजे ज्यांची गोष्ट कळायलाच हवी, नेमक्या त्याच वहीतून निघून जातात. उरलेल्यांची सरासरी काढली की आकडा गोंडस येतो.

वहीबाहेर राहिलेले मृत्यू मोजले की काय दिसतं, हे महाराष्ट्रात पुराव्यानिशी दाखवलं ते गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामाबद्दल बहुतेकांना माहीत असतं ते आरोग्यदूतांचं यश: ३९ गावांत प्रशिक्षित बाई घरोघरी जाऊन बाळ तपासते, वजन करते, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन देते, आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळं दगावली, तुलनेच्या गावांत ५९.६. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, आणि २०११ साली केंद्र सरकारनं आशाताईंच्या घरभेटी सुरू केल्या त्या याच पायावर. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आज साखरखेर्ड्याच्या कुठल्याही गल्लीत आशाताई वजनकाटा घेऊन दिसते, तिच्या घरभेटींची कल्पना गडचिरोलीतून आलेली आहे.

मला त्या अभ्यासातली दुसरी बाजू मोठी वाटते. इंजेक्शन देण्याआधी दोन वर्षं त्यांनी मोजण्यात घालवली. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, दोन्ही गटांच्या गावांत सारख्याच काटेकोरपणे. ते केलं नसतं तर २५.५ हा आकडा कशाच्या शेजारी ठेवायचा? पुढं ‘कोवळी पानगळ’ या अहवालात राज्यातल्या वेगवेगळ्या भागांत असंच मोजून पाहिलं, तेव्हा सरकारी कागदांवर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू निघाले. कागदावर नसलेली ती मुलं कुणी लपवलेली होती असंही नाही. बहुतेकांच्या बाबतीत कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मुलीनंतर मी माझी पद्धत बदलली. नाव नोंदवतानाच माहेरचं गाव विचारायचं, आणि भावाचा नंबर घ्यायचा. नवऱ्याचा नंबर सासरच्या कामाचा. बाई माहेरी असली की नवरा फोनवर “ठीक आहे जी” एवढंच सांगतो, त्यालाही तेवढंच माहीत असतं. भाऊ मात्र दवाखान्यात सोबत गेलेला असतो, त्यालाच कळतं की सिझर झालं, बाळ पेटीत ठेवलंय, रक्त द्यावं लागलं. डोहाळजेवण कधी, तेही विचारायचं, कारण त्यानंतर चार-आठ दिवसांत ती निघते. शक्य तर माहेरच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवायचा. बुलढाण्याकडच्या, जालन्याकडच्या ओळी मी मागून घेऊ लागले. सुटीत साखरखेर्ड्याला आले की पिशवीत बीपीचं यंत्र, काटा आणि चार-पाच पत्ते असायचे. लव्हाळा फाट्यावर उतरून कधी इकडे, कधी शेंदुर्जनकडे. लोकांना नवल वाटायचं. “नागपुरातून आली? आमच्या पोरीचं लेकरू मोजायला?” मग चहा यायचाच.

एका घरी मी सातव्या दिवशी पोहोचले. बाळाच्या उशाला दुमडलेला कोरा कागद आणि पेन. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी ठेवलेला. आजीबाईंनी तो अजून उचलला नव्हता. मी माझा फॉर्म काढला तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लिही बाई, तूबी लिही.” मी वजन केलं. दोन किलो तीनशे. म्हणाले, आजी, अडीचच्या आत आहे, याला उघडं ठेवू नका, आईच्या छातीशी ठेवा, आणि बाजेखालची शेगडी जरा लांब सरकवा. शेगडी सरकवली नाही त्यांनी. बाळ मात्र छातीशी गेलं. अशा अर्ध्या यशांवरच हे काम चालतं.

नोंदींचं एक असतं, औषधांच्या चाचण्यांचं वेगळं. काही महिने मी अशा चाचणीसाठी संमती घेणाऱ्या सिस्टरांसोबत बसले. संमतीपत्र मराठीत असायचं, पण ते मराठी कुठल्याही घरात बोललं जात नाही असं. आम्ही ते बाजूला ठेवून समजावून सांगायचो. दोन गट असतात. कुणाला कोणती गोळी ते चिठ्ठीनं ठरतं. डॉक्टर ठरवत नाहीत, मी ठरवत नाही, तुम्ही कुणाच्या ओळखीच्या आहात यावरही ते नाही. नाही म्हणालात तरी दवाखान्यातली तपासणी तेवढीच, आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडायचं. एकदा एका सासूबाईंनी विचारलं, “कोणती गोळी चांगली ते तुम्हालाच ठाव नाही, तर आमच्या सुनेवर कायले?” मी गडबडले. बरोबरच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “आई, ठाऊक असतं तर तीच दिली असती. ठाऊक नाही, तरी आज दोन्ही देतातच. एक डॉक्टर ही देतो, दुसरा ती. आम्ही फक्त लिहून ठेवणार, कोणत्या गोळीनं काय झालं.” सुनेनं नाही म्हटलं. सिस्टरांनी तिच्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख घातली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, होकार दिलेल्या बाईला देतात तशाच. संमती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

‘ठाऊक नाही’ हे मान्य करणं किती गरजेचं आहे, याचं सगळ्यात जड उदाहरण आमच्याच प्रशिक्षणात ऐकलं. बाळ दिवस भरायच्या आधी येणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमध्ये १९७२ साली हे सिद्ध झालं, जगभरच्या मोठ्या दवाखान्यांत त्यानं बाळं वाचली. मग साहजिकच वाटलं की हे खेड्यापर्यंत न्यावं. सहा देशांत सात ठिकाणी चाचणी झाली, त्यांत नागपूर आणि बेळगाव होतं. सुमारे एक लाख जन्म. निकाल २०१५ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. लहानखुऱ्या बाळांना फायदा दिसला नाही, आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर इंजेक्शनची मोहीम राबवलेल्या भागांत हजारी २७.४ मृत्यू, न राबवलेल्या भागांत २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गही जास्त दिसला.

ते ऐकताना मला हातपाय गार पडल्यासारखं झालं. तेच इंजेक्शन मी कोर्समध्ये जीव वाचवणारं म्हणून शिकले होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता, औषध खोटं नव्हतं. मग पुन्हा विचारलं गेलं: कुठं, कुणाला, किती आठवड्यांना? जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत दुसरी चाचणी केली. बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्याच दवाखान्यांत, सोनोग्राफीनं दिवस मोजून, २६ ते ३३ आठवड्यांच्याच बायका. २०२० मध्ये त्याचा निकाल आला आणि तिथं बाळांचे मृत्यू कमी झाले होते, २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर. तेच औषध. फरक होता तो बरोबर बाई निवडण्यात आणि नंतर बाळाला सांभाळण्यात.

आणि बरोबर बाई निवडायची तर दिवस बरोबर मोजता आले पाहिजेत. माझ्या ओळीतला तो तिसरा रकाना, शेवटच्या पाळीची तारीख. किती अडखळायचा तो! तारीख कुणालाच आठवत नाही, सण आठवतात. “पोळ्याच्या आधी आली होती.” पोळ्याच्या किती आधी? “मोठ्या भावाकडे जेवायला गेलो होतो त्या दिवशी बाजूला बसले होते.” मग भावाकडचं जेवण कशाचं, तो कोणता वार, असं करत कालनिर्णयाची पानं उलटायची. माझ्या पिशवीत दोन वर्षांची कॅलेंडरं कायम असत. नवीन मुली कंटाळून ‘अंदाजे’ लिहायच्या. मी त्यांना ती लाख जन्मांची गोष्ट सांगायची. चार आठवडे इकडचे तिकडे झाले की बत्तीस आठवड्यांची बाई छत्तिसाची होते, आणि पुढचं सगळं औषध त्या हिशेबानं चालतं.

बेळगावचं नाव निघालं म्हणून आणखी एक. बाळंतपणात किती रक्त गेलं हे पूर्वी डोळ्यांनीच सांगायचे, आणि डोळा नेहमी कमी सांगतो. रक्त साडीत मुरतं, पोत्यात मुरतं, मातीत मुरतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांच्या अभ्यासात कमरेखाली प्लास्टिकची खुणांची पिशवी लावून ते मोजलं. अर्ध्यांना बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, अर्ध्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. हे २००६ साली छापलं गेलं. बाळंतपणं केली होती उपकेंद्रांच्या नर्सबाईंनी, घरी किंवा उपकेंद्रात. माझ्यासारख्याच एएनएम. ते वाचून मला फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

तसाच नागपूरचा अभ्यास. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती रुग्णालय या दोन सरकारी दवाखान्यांत २०१५ ते २०१७ या काळात खूप रक्तदाब चढलेल्या ८९४ गरोदर बायकांवर तीन साध्या तोंडी गोळ्यांची तुलना झाली: निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, मिथिलडोपा. सहा तासांत रक्तदाब आटोक्यात आणण्यात निफेडिपिन थोडी पुढं, ८४ टक्के, बाकी दोन्ही पंचाहत्तरच्या वर. मुद्दा असा की शिरेतून औषध द्यायची सोय नसलेल्या ठिकाणी तिन्हींपैकी कोणतीही गोळी हाताशी असली तरी वेळ निभावता येते. हे वाचलं तेव्हा मला ती झटका आलेली मुलगी आठवली. निकाल २०१९ चा, तिचं बाळंतपण त्याच्या पाच वर्षं आधीचं.

आता मी कायमची साखरखेर्ड्यात आहे. आई थकली, तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. आमच्या गावाची इतिहासात एक ओळ आहे: १७२४ मध्ये निजामानं मुबारिजखानाला इथं लढाईत हरवलं, खान इथंच पडला, आणि हैदराबादची सत्ता त्यातून उभी राहिली. शाळेत असताना गुरुजी ते फार रंगवून सांगायचे.

त्याच गावातल्या माझ्या आईची नोंद मात्र कुणी घेतली नव्हती. लहानपणी ती मला सांगायची, तुम्ही दोघं. आजी म्हणायची तिघं. आई लगेच म्हणायची, “ते नाही धरत.” आजी गेल्यावर तो विषय संपला. प्रकल्पात असताना शेकडो बायकांना विचारलेला प्रश्न मी आईला कधी विचारला नव्हता. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दिवे गेले होते, आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा विचारला.

आई म्हणाली, “तुझ्या आधीचं. पोर होती. रात्री झाली. सगळे माझ्याकडं बघत होते, रगत थांबत नव्हतं. तिला आंघोळ घालून सुपात ठेवली होती. पहाटं आजीनं हात लावला तर गार.”

आज ओल्या बाळाला आधी पुसतात, आंघोळ घालत नाहीत, आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. अगदी लहान बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं तर किती वाचतात हे भारतासह पाच देशांत तपासलं, २०२१ मध्ये निकाल आला: १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के मृत्यू. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. हे मी आईला सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, आपल्या हातून राहिलं.

मी आत जाऊन जुनी कोरी नोंदवही आणली, मेणबत्ती लावली. पहिली ओळ. आई विचारत राहिली काय करतेस म्हणून, आणि मी विचारत गेले. वय? एकोणीस. कितवं? पहिलं. बाळंतपण कुठं? इथंच, आतल्या खोलीत. कुणी केलं? आजीनं. पाळीची तारीख? “ते कसं आठवंल बाई... अखाजीला माहेरी गेले तेव्हा दिवस गेलेले होते.” वजन? आईनं दोन्ही हात समोर धरले, मधलं अंतर वीतभरापेक्षा थोडं जास्त. मी लिहिलं, मोजलं नाही.

बाळ रडलं का?

“रडली की,” आई म्हणाली. “दोनदा.”